धागा: ऐतिहासिक गेममधली अचूकता. सिंहगड, ४ फेब्रुवारी १६७०, एकच रात्र घेऊन तपासूया

कडेकपार

मराठेशाहीवर मोड (तयार गेममध्ये केलेले बदल) किंवा छोटे गेम करणारे इथे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. अचूकतेचा विषय निघाला की गाडी तलवार आणि पगडीवर येऊन थांबते. पण बहुतेक गेम फसतात ते मागच्या झाडांवर, उजेडावर, छपरांवर.

मापासाठी 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) घ्या. काळ १४०३, जागा बोहेमिया, नकाशा जेमतेम १६ चौरस किलोमीटरचा. तिथे चिलखत थराथरानं चढवावं लागतं: आत जाड गादीसारखा अंगरखा, त्यावर कड्यांची जाळी, त्यावर पत्रा. पत्र्यावर तलवार फारशी चालत नाही, गदा चालते. भूभाग लहान ठेवला म्हणून इतक्या खोलात जाता आलं.

आपणही लहान घेऊ. कोंढाण्यावरचा तानाजी मालुसऱ्यांचा हल्ला, एक रात्र, एक गड. ज्याला जे नक्की माहीत आहे ते त्यानं सांगावं, आणि शक्यतो गेममध्ये ते कसं बसवायचं तेही.

माझ्याकडून सुरुवात. गडाचं ड्रोननं स्कॅन करून थेट गेम इंजिनात (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरात) टाकू नका. त्यात टीव्हीचा मनोरा येतो, लोकमान्य टिळकांचा बंगला येतो, तानाजींचं आजचं स्मारक येतं. राजाराम महाराजांची समाधीही येते, आणि महाराज गेले १७०० साली. हे सगळं काढावं लागेल. स्कॅन कड्यांसाठी वापरा, कारण बेसाल्टचे थर साडेतीनशे वर्षांत तेच आहेत. वरचं बांधकाम हातानं करा.

तिथीवार

उजेडावर लिहितो. या प्रसंगाच्या चित्रांत बहुतेक वेळा कड्यावर टपोरा चंद्र असतो. तो असायला नको.

४ फेब्रुवारी १६७० ही तारीख ज्युलियन पंचांगातली आहे. त्या शतकात ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन तारखेत १० दिवसांचा फरक होता, म्हणजे आजच्या हिशेबानं तो दिवस १४ फेब्रुवारी. तिथी माघ वद्य नवमी, शके १५९१. वद्य नवमीचा चंद्र उत्तररात्री उगवतो आणि अर्ध्याहून कमी प्रकाशित असतो.

तपासायचं असेल तर स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. १५८२ नंतरच्या सगळ्या तारखा ते ग्रेगोरियन धरतं, आणि इथेच लोक फसतात. ४ फेब्रुवारी टाकलीत तर शुद्ध पक्षातला, पौर्णिमेकडे झुकलेला चंद्र दिसेल. १४ फेब्रुवारी टाकली की वद्य नवमी जुळते. जागा अंदाजे १८.३७ उत्तर, ७३.७५ पूर्व, उंची १३०० मीटर. वेळ भारतीय प्रमाणवेळेत ठेवू नका, ती तेव्हा नव्हती. स्थानिक सौरवेळ निवडा. सिंहगडावर ती प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असते.

आणखी एक. त्या दिवसांत वद्य नवमी-दशमीचा चंद्र आग्नेयेकडून वर येतो. डोणागिरीचा कडा, ज्याला आपण तानाजी कडा म्हणतो, गडाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे चंद्र उगवल्यावरसुद्धा कडा गडाच्याच सावलीत राहणार. चढणाऱ्याला तारे आहेत, चंद्र नाही. लेव्हल डिझाइन करणाऱ्यासाठी ही पर्वणी आहे: अंधारात कडा, आणि माथ्यावर पोचल्यावर समोरून फिकट उजेड.

पडद्यावर घड्याळ दाखवायचं असेल तर घटकांचं दाखवा. दिवसरात्र मिळून ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, साडेसात घटकांचा एक प्रहर.

रानजाई

तिथीवार, हे फार कामाचं आहे. झाडांचं मी सांगते.

तयार झाडांचे संच विकत घेतले की सूचिपर्णी आणि ओक येतात, ते कुणीही ओळखून काढतं. खरी चूक होते ती 'आपल्याकडची' समजून लावलेल्या झाडांत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे १९व्या शतकात आला. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, तीही १६७०नंतर खूप उशिरा आलेली. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया आणि रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. घाटात जागोजागी दिसणारी घाणेरी अमेरिकेतून आली ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला. गाजरगवताची पुण्याजवळ नोंद झाली १९५५च्या सुमारास. आज घाटातल्या कुठल्याही उतारावर उभं राहून फोटो काढलात तर यातलं निम्मं चौकटीत येतं, आणि चित्रकार तोच फोटो संदर्भ म्हणून वापरतात.

मग लावायचं काय? जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा, उंबर, करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटं, उतारांवर कारवी. कड्याच्या कपारीत त्रिधारी निवडुंग चालेल. फड्या निवडुंग नको, तो अमेरिकेचा.

महिना माघ आहे हे विसरू नका. पळस, पांगारा आणि सावर फुलायचे दिवस, या झाडांना पानं कमी आणि फुलं जास्त. गवत पूर्ण वाळलेलं, पिवळं, गुडघ्याच्या वर. हिरवागार सह्याद्री जून ते ऑक्टोबरचा. वाळलेलं गवत पायाखाली मोठा आवाज करतं, आणि चोरपावलांचा खेळ असेल तर हा आवाजच तुमचा नियम होऊ शकतो: गवतातून चाललात तर पहारेकऱ्याला ऐकू येईल, उघड्या खडकावरून गेलात तर येणार नाही. बाजूला पाचोळ्याचा तिसरा थर ठेवा, त्याचा आवाज गवतापेक्षा कुरकुरीत असतो.

शेतंही तपासा. मावळात भात, नाचणी, वरी. माघात भाताची खाचरं रिकामी, नुसते धस उरलेले. मका, भुईमूग, सोयाबीन, टोमॅटो, बटाटा यांची शेतं नकोत. मिरची पोर्तुगीजांबरोबर १६व्या शतकात आली, पण झोपडीपुढे वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचा सडा दाखवण्यापेक्षा कुळीथ आणि नाचणीची कणसं दाखवलीत तर चूक होणार नाही. उपासाला साबुदाणा अजिबात नको, तो कसाव्याचा आणि विसाव्या शतकातला.

सागर_१७

छपरांचं काय? मी कोकणी घरांचा एक तयार संच पाहिला आहे, उतरती लाल कौलं वगैरे.

चुनेगच्ची

ती चपटी, खाच असलेली लाल कौलं मंगलोरी. त्यांचा कारखाना बासल मिशननं मंगळूरला १८६५ साली काढला. १६७०मध्ये ती नव्हतीच. त्या जागी नळीची कौलं घ्या: कुंभाराच्या चाकावर केलेली, अर्ध्या नळीसारखी, एक ओळ उपडी आणि एक उताणी. आकार एकसारखा नसतो, रंगही भट्टीनुसार बदलतो, म्हणून एकच मॉडेल हजार वेळा छापलेलं लगेच कळतं. चार-पाच वेगवेगळी करा आणि फिरवून लावा. साध्या माणसाचं घर आणि गडावरच्या शिबंदीच्या झोपड्या गवतानं शाकारलेल्या, कुड कारवीचा आणि वरून शेणमातीनं सारवलेला.

गडावरच्या वास्तू आज आपल्याला जोत्यापुरत्या दिसतात, कारण वरचं काम लाकडाचं होतं, ते जळालं किंवा काढून नेलं. गेममध्ये जोतं घडीव दगडाचं, त्यावर लाकडी खांब, तुळया आणि छप्पर हवं. तटाच्या दगडांमध्ये करड्या सिमेंटच्या रुंद रेघा दिसल्या तर ती आजची दुरुस्ती, ते टेक्श्चर (पृष्ठभागाचं चित्र) वापरू नका. चुन्याची दरज (दगडांमधला सांधा) पांढुरकी आणि बारीक असते.

जाणूनबुजून केलेला बदल वेगळा, हेही सांगतो. 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड: युनिटी' (२०१४) फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये घडतो. त्यातल्या नोत्रदामवर जो उंच मनोरा आहे तो व्हियोले-ल-द्युकनं १८५९ साली उभारलेला. आधीचा मध्ययुगीन मनोरा क्रांतीच्या सुमारास उतरवला होता. लोक ज्या नोत्रदामला ओळखतात ती दाखवायची म्हणून तो ठेवला. तुम्हाला असं काही करायचं असेल तर करा, फक्त माहितीच्या पानावर एक ओळ लिहा. न सांगता केलेला बदल पुढच्या दहा वर्षांत 'इतिहास' होऊन बसतो, आणि शिवकाळाच्या बाबतीत तर फारच पटकन.

सागर_१७

नोंद घेतली. रायगडालाही हेच लागू, ना? मेघडंबरीतली मूर्ती आजची आहे.

चुनेगच्ची

हो, तीही काढायची.

रंजकदाणी

आता हत्यारं. माझ्या मते या प्रसंगात सगळ्यात मोठी चूक बंदुकीची होते.

१६७०मध्ये सर्रास बंदूक ती तोड्याची. क्रम असा: नळीत दारू ओता, वर गोळी, गजानं दाबा. मग कानाजवळच्या रंजकदाणीत बारीक दारू, म्हणजे रंजक, घाला. झाकण असेल तर लावा. जळती जामगी, म्हणजे शोरा लावलेली सुती वात, चापाच्या चिमट्यात पकडा, फुंकर मारून निखारा लाल करा, नेम धरा, चाप ओढा. सरावलेल्या माणसालाही यात अर्धा मिनिट सहज जातो. तीन सेकंदांत पुन्हा भरली जाणारी बंदूक दिसली की त्या गेमच्या बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

रात्रीच्या छाप्याशी याचा संबंध थेट आहे. जामगी सतत पेटती ठेवावी लागते. तासाला साधारण चार-पाच इंच जळते, शोऱ्याचा उग्र वास येतो आणि काळोखात लाल ठिपका लांबून दिसतो. कडा चढणारी तुकडी म्हणूनच तलवार, ढाल आणि दांडपट्ट्यावर. बंदुका असतील तर गडावरच्या पहाऱ्याकडे. खेळाडूला पहारेकरी ओळखायचा मार्गही हाच द्या: अंधारात हलणारा लाल ठिपका.

दारूचं आजचं ठरीव प्रमाण शोरा ७५, कोळसा १५, गंधक १०. तेव्हा ते जागोजागी थोडं वेगळं असे. धूर पांढरा आणि दाट, वारा नसेल तर दोन-चार बारांनंतर समोरचं दिसत नाही. तोफेचा भरीव गोळा आपटून फुटत नाही, टप्पे घेत जातो. आगीचा लोळ फक्त उखळी तोफेच्या पोकळ, दारू भरलेल्या गोळ्यांना.

तलवारीबद्दल एकच सांगतो, पण नीट ऐका. तयार मोशन कॅप्चर (खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून केलेलं अ‍ॅनिमेशन) बहुतेक युरोपीय तलवारबाजीचं असतं: मनगट फिरवत, टोकानं भोसकत. आपल्या तलवारीची मूठ आखूड आणि तिच्या बुडाला चकती. मनगट मागे मोडलं की चकती रुतते. म्हणून वार खांद्यातून येतो आणि पातं ओढत कापतं. पट्ट्यात तर हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळीत असतो, मनगट वळतच नाही. पातं तीन ते चार फुटांचं. फिरतो तो खांदा आणि कंबर, पावलं सतत गोलात. पट्ट्याला तलवारीचं अ‍ॅनिमेशन जोडलंत तर मनगट खोळीतून आरपार जाताना दिसेल. मर्दानी खेळ शिकवणाऱ्या वस्तादांकडून दहा मिनिटांचं चित्रण समोरून आणि बाजूनं करून घ्या आणि त्यावरून मॉडेलच्या हाडांच्या साखळीत मनगटाचा सांधा बंद करा.

ढाल गोल, कातड्याची, पुढे धातूच्या चार फुगीर फुल्या. आत दोन पट्टे असतात, ते मुठीत एकत्र धरायचे. दंडाला बांधायची युरोपीय ढाल नव्हे.

मुक्कामपोस्ट

रंजकदाणी, माहिती पटली, पण अर्ध्या मिनिटाची भरणी खेळणाऱ्याला सोसेल का? माणूस गेम बंद करेल.

रंजकदाणी

सोसेल, पण भोवतीचे नियम तसे लागतील. एक बार काढायचा आणि बंदूक टाकून हातघाईवर यायचं, लढायची खरी रीतही हीच होती. म्हणजे बंदूक हा एकदाच मिळणारा मोठा फटका झाला. वेळ कमी करायचाच असेल तर सगळ्या पायऱ्या ठेवून त्या भराभर दाखवा, १२ सेकंदांपर्यंत आणा. पायऱ्या गाळू नका. रंजक घालायची राहिली तर बार होणार नाही, पावसात रंजक भिजेल, जामगी विझेल, हे सगळं खेळात आणता येतं. वेळ आखडली तर चालतं, यंत्र बदललं तर चालत नाही.

बारगीर

माणसांच्या संख्येवर लिहितो, डावपेचांचे गेम करणाऱ्यांसाठी.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत (१६९७) या छाप्याला तानाजींबरोबर पाचशे माणूस आहे. दोन निवडक मावळे आधी कड्यावर चढले, वरून माळ लावली आणि मग बाकीचे आले. माळ म्हणजे दोराची शिडी. घोरपड त्यात नाही. घोरपड ठेवायची असेल तर ती शाहिराच्या तोंडी गोष्ट म्हणून ठेवा, चढायचं साधन म्हणून नको.

घोडदळाची मांडणी त्याच बखरीत आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. प्रत्येक पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पंचवीस स्वारांचं पथक दाखवताना पाणी वाहणारा पखालजी मागे चालताना दाखवा, काम दोन मॉडेलांचं आहे आणि पथक लगेच खरं वाटतं. घोडा दख्खनी, बुटका आणि काटक. तयार संचात मिळणारा उंच इंग्लिश थरोब्रेड नको, तो सांगाडा ८५ टक्क्यांवर आणलात तरी पाय लांबच दिसतात, पायांची हाडं वेगळी आखूड करावी लागतात.

गडावरचं निशाणही तपासा. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांकडे गेले, त्यात कोंढाणा होता. छाप्याआधी तिथे भगवा फडकता कामा नये. किल्लेदार उदेभान राठोड, शिबंदीत रजपूत. जामा बांधायची रीत अशी की हिंदू डाव्या बाजूला बंद बांधत आणि मुसलमान उजव्या. पोशाखाचं मॉडेल आरशासारखं उलटवून दुसरा माणूस बनवतात तेव्हा ही बाजू उलटते. इतक्या बारकाव्याकडे लक्ष गेलं तर मला फार आनंद होईल.

नाण्यांचं सांगायचं तर शिवराई राज्याभिषेकापासूनची, म्हणजे १६७४. १६७०च्या बाजारात ती देऊ नका. होन हे सोन्याचं नाणं, भाजी घ्यायला होन मोजणारा माणूस नको.

मुक्कामपोस्ट

मोठ्या कंपन्यांच्या गेमचं काय मत आहे? 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे खेळता येतात.

बारगीर

२००९चा गेम. सुरुवात १७०० साली आणि पक्षाचं नाव मराठा संघराज्य. १७०० साली संघराज्य नव्हतं. त्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले, ताराबाईंनी कारभार हाती घेतला, साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता आणि एप्रिलमध्ये गड पडला. शिंदे, होळकर, गायकवाड ही घराणी उभी राहतात बाजीरावाच्या काळात. म्हणजे नाव पुढच्या अर्धशतकाचं आणि सुरुवात आधीची.

दुसरं, त्यात वर्षाच्या दोन खेळ्या असतात, उन्हाळी आणि हिवाळी. युरोपला ते शोभतं. आपल्याकडे मोहीम थांबवतो तो पाऊस. आषाढ ते आश्विन छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. मोड करणाऱ्यानं हिवाळ्यात सैन्याची होणारी झीज काढून टाकावी आणि पावसाळ्यात नदी ओलांडणं व तोफा हलवणं जवळजवळ बंद करावं.

'एज ऑफ एम्पायर्स २'च्या २०२२च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'त बंगाल्यांना रथ दिला आहे. मध्ययुगात रथ रणांगणातून केव्हाच गेला होता. तिथे यादव आणि बहमनींसाठी वेगळा पक्षही नाही, दख्खनी माणसाला हे खटकतं.

वळणदार

पत्रांबद्दल कुणी बोललं नाही. गेममधली पत्रं छापील देवनागरीत असतात, हे चूक. कागदोपत्री लिपी मोडी. आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या, मग त्यांना अक्षरं लोंबवायची, हात न उचलता. दोन शब्दांत जागा सोडत नसत, विरामचिन्हं नव्हती. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली (आवृत्ती ७.०) आणि मोफत फॉन्ट मिळतात, पण फॉन्टची अक्षरं सुटी आणि एकसारखी दिसतात. मोडी जाणणाऱ्याकडून बोरूनं लिहून घ्या, स्कॅन करा, चित्र म्हणून वापरा. कागद हातकागद, काळी शाई.

पडद्यावरच्या देवनागरीसाठीही इशारा. युनिटी या गेम इंजिनाच्या (वर आलेला गेम नव्हे) टेक्स्टमेश प्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनात जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी आपोआप जुळत नाहीत, 'कि' लिहिलं तर वेलांटी मागे पडते. अनरियल या दुसऱ्या इंजिनात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर असल्यामुळे ती अडचण येत नाही. काम सुरू करण्याआधी 'किल्ल्यांवरची शिबंदी' एवढं लिहून पाहा, पाच मिनिटांत कळतं.

सागर_१७

आतल्या खोल्यांच्या उजेडाचं कुणी सांगेल का? माझ्याकडे अंबरखान्यात बारा मशाली लागल्यात.

तिथीवार

धान्याच्या कोठारात बारा मशाली कुणी लावणार नाही, पेट घेईल. एक पणती किंवा समई ठेवा. एका वातीचा उजेड साधारण एका मेणबत्तीइतका, म्हणजे एक कँडेलाच्या आसपास, रंग १८०० ते १९०० केल्विन. इंजिनात हे आकडे जसेच्या तसे टाकलेत तर खोली काळीकुट्ट दिसेल. तेव्हा दिवा वाढवू नका, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवा आणि डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० सेकंद द्या. बाहेर पलित्यांचा उजेड अंगणापुरता, तटाच्या पलीकडे काही नाही.

कडेकपार

एक राहिलं. गड घेतल्यावर पागेच्या खणांना आग लावली आणि राजगडावरून महाराजांनी ती खूण ओळखली, असं सभासद सांगतो. शेवटचं दृश्य राजगडावरून दाखवायचं तर काय दिसेल?

तिथीवार

दोन्ही गडांत हवाई अंतर १५ किलोमीटरच्या आसपास, सिंहगड ईशान्येला. गवताची छपरं पेटली म्हणजे ज्वाळा दहा-बारा मीटर धरा. एवढ्या अंतरावरून ते आकारमान अंशाच्या विसाव्या भागाहूनही कमी, पडद्यावर जेमतेम एक-दोन पिक्सेल. इंजिन दूरचे दिवे ठरावीक अंतरानंतर बंद करतं, ते या एका दिव्यासाठी बंद होऊ देऊ नका. आग पेटण्याचा आवाज नको, तो पोचत नाही. माघातलं धुरकं थोडं असतं, म्हणून ठिपका पिवळा नाही, तांबूस करा, आणि किंचित लुकलुकता. धूर या अंधारात दिसणार नाही. राजगडाच्या सुवेळा माचीच्या तटावर कॅमेरा ठेवा, डोंगररांगेची काळी कड, आणि तिच्यावर तो एक ठिपका.